एकोणपन्नास घरं आणि एक कोठी

...आणि वर मलाच विचारतो तो कंपाउंडर, 'भिंतीला बुक्की मारलीत? का? भिंतीने तुमचं काय केलं होतं?' काय केलं होतं म्हणे! अरे, काय नाही केलं ते विचार! सरका हो ताई जराशा, बसू द्या, हा हात असा आडवाच धरावा लागतो, कोणाच्या नाकाला लागला तर लागला... नाही नाही, घाबरू नका, मारत नाही. मी मुळात शांत माणूस. आज प्लास्टर कापायचंय माझं. चार बोटं मोडली, अंगठा तेवढा शाबूत. आणि ही रांग काही हलायची लक्षणं दिसत नाहीत, तेव्हा आता ऐकाच.

धंदा माझा तोडकामाचा. म्हणजे लोक भिंती बांधतात आणि मी पाडतो. घण, छिन्नी, पहार आणि हे दोन हात... सध्या दीड म्हणा. तुम्हाला सांगतो, भिंत नुसती ताकदीने पडत नाही. मी आधी तिच्याकडे टक लावून बघतो, मग तिच्या जागी कोणाचं तरी तोंड आणतो. घरमालकाचं आणतो, मेहुण्याचं आणतो, फारच चिवट भिंत असली तर सासूचं. सासूचं आणलं की दुपारच्या आत भुगा! एकदा त्या भरात शेजारचीही पाडली, जी पाडायची नव्हती, पलीकडे एक गृहस्थ दाढी करत होते, त्यांच्या हातात वस्तरा तसाच... जाऊ दे. सांगायचं काय, तर सगळा राग मी कामावर काढतो. म्हणून घरी शांत. मुळातच शांत.

आता घरी म्हणजे कुठे, तर एक खोली. एक! त्यात मी, बायको, दोन मुली, सासू आणि मेहुणा. मेहुणा नोकरी लागेपर्यंत राहायला आला होता. नोकऱ्या चार आल्या आणि गेल्या, कायम झाला तो फक्त आमच्या खोलीत. रात्री कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची, मधे कोणाला खोकला आला तर खाली चटईपासून वर फळीपर्यंत सगळं हलतं. आणि भांडण झालं तर माणसाने रागावून जायचं कुठे? सांगा ना! लोकांच्या घरी बायको रागावली की दुसऱ्या खोलीत जाते. आमची रागावली की पाठ फिरवते, म्हणजे नाक भिंतीला. तिला कपडे बदलायचे असले की ती ओरडते, 'तोंडं फिरवा!' की आम्ही पाचही जण भिंतीकडे. लग्न झाल्यापासून हेच. त्या भिंतीवरचा पोपडा न पोपडा मला पाठ आहे.

एकदा मी लाडात येऊन विचारलं, 'अगं, तुला काय पाहिजे? माग.' तर म्हणाली, 'दार.' मला वाटलं, मला दार दाखवतेय. म्हणाली, 'तसं नाही हो. आतून कडी लागेल असं एक दार. मला दागिना नको, काही नको. मी आत जाईन, कडी लावीन आणि घटकाभर कोणाचं तोंड बघणार नाही.' म्हटलं, 'माझंसुद्धा?' म्हणाली, 'तुमचं पहिलं!' हसली हो, पण डोळे भरलेले. मला तेव्हा इतका राग आला, कोणाचा ते कळेना, म्हणून मी मेहुण्याला एक लगावली.

तर त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या टोकाला ती इमारत उठायला लागली. तिथलं जुनं गोदाम मीच पाडलेलं. आणि नियम काय, तर एका इमारतीत पन्नास किंवा त्याहून जास्त घरं असली की दर पाचवं घर आमच्यासारख्यांना परवडेल अशा भावात द्यायचं. सोडत काढून. बिल्डर बांधत होता बरोबर पन्नास. म्हणजे दहा घरं आमची! अख्ख्या वस्तीने नावं टाकली, आणि तुम्हाला सांगतो, त्या दहांत आमचं नाव निघालं. सासूने आनंदाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी समोरच्या बाईच्या अंगावर, तिच्या नवऱ्याने माझी गचांडी धरली, मेहुण्याने त्याचा कान धरला... पण तो आनंदाचा मार. तो मी मोजत नाही.

बायको त्याच दिवशी बाजारात गेली आणि कडी घेऊन आली. पितळेची. हातभर लांब. घराचा पत्ता नाही, पण कडी तयार! रोज तेल लावून पुसायची आणि उशाखाली ठेवून झोपायची.

मग मेहुण्याला हुक्की आली. म्हणे, 'भाऊजी, आपण घराचा नकाशा जमिनीवर काढू, म्हणजे कोण कुठे झोपणार ते आत्ताच ठरेल.' घेतला खडू आणि लागला काढायला. पुढची खोली काढली, इथेच आमची खोली संपली. स्वयंपाकघर गेलं दाराबाहेर, व्हरांड्यात. आतली खोली जिन्याच्या तोंडाशी. आणि संडास आला थेट शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर. शेजारीण बाहेर आली. 'हे काय काढलंय आमच्या दारात?' सासू म्हणाली, 'संडास. पण आमचा आहे, तुम्ही वापरायचा नाही!' झालं! बादली आली, झाडू आला, शेजाऱ्याने माझ्या कानफटात दिली, मी त्याच्या, आणि तेवढ्यात आमच्याच माणसांत खिडकीवरून जुंपली. सासूला खिडकी पाहिजे, मेहुण्यालाही खिडकीच पाहिजे, सासूने तवा उचलला, पोटच्या पोराचा दात पाडला. कशासाठी? खडूच्या खिडकीसाठी! मी सोडवायला गेलो तर तवा मला. तरी मी काही बोललो नाही. शांत माणूस ना!

आणि गाडीची जागा राहिलीच की! नियमाने प्रत्येक घराला खाली एक गाडीची जागा द्यायलाच लागते. आम्ही सगळे बघायला गेलो. काय ती जागा! पांढरे पट्टे, वर स्लॅब, दिवा, उतार असा की पाणी साचायला नको. मी पावलं टाकून बघितली, आमच्या खोलीपेक्षा मोठी! सासूचे डोळे चमकले. ऑफिसात गेली, म्हणाली, 'माझी खाट तिथे टाकते, म्हणजे वर गर्दी नको.' तो टायवाला म्हणाला, 'आजी, ती गाडीची जागा आहे.' 'आमच्याकडे गाडी नाही बाबा.' 'नसली तरी ती गाडीचीच.' 'मग तिथे कोण राहणार?' 'कोणी नाही. गाडी.' 'जी नाही ती?' 'हो!' सासूने त्याचा टाय धरला. मेहुणा तोवर पट्ट्यांच्या मधे आडवा होऊन बघत होता, त्याला रखवालदाराने तंगडी धरून बाहेर ओढला. हा रखवालदार लक्षात ठेवा, सोडतीत त्याचंही नाव होतं, पुढे येणार आहे तो.

तर एक दिवस मुकादम धावत आला, बिल्डरचा. 'चल लवकर, घण घे. वरच्या मजल्यावर एक भिंत आहे, दोन घरांचं एक करायचंय, आजच्या आज.' आता मला सांगा, हातात काम आलं, तेही आपल्याच इमारतीत, मी कशाला विचारतोय का आणि कशासाठी? त्या दिवशी सकाळीच मेहुणा माझी चप्पल घालून गेला होता, तेव्हा तोंड कोणाचं आणायचं हाही प्रश्न नव्हता. पहिला घण कपाळावर. दुसरा नाकावर. तिसऱ्याला उरलेल्या दातांसकट जबडा खाली! काय भिंत पडली म्हणून सांगू! कडा साफ, फरशीला ओरखडा नाही. मुकादम बघतच राहिला, म्हणाला, 'तुझ्यासारखा पाडणारा नाही.' चहा पाजला. बिस्किटं दिली.

घरी आलो तो छाती पुढे काढून. बायकोला म्हटलं, 'आज आपल्याच इमारतीत काम केलं. वर एका शेटला दोन घरांचं एक करून दिलं.' ती कडी पुसत होती. पुसता पुसता थांबली. म्हणाली, 'म्हणजे दोनाचं एक?' म्हटलं, 'हो.' 'मग आता घरं किती झाली?' म्हटलं, 'किती म्हणजे... पन्नास होती, त्यातली दोन...' आणि तुम्हाला सांगतो, मी बोटांवर मोजायलाच लागलो! पन्नास असली तर दहा घरं गरिबाला. एकोणपन्नास असली तर? एकही नाही! नियमच तसा! आणि पन्नासावं घर कोणी पाडलं? मी! एवढं मनात येतंय तोवर ती पितळेची कडी हवेतून आलेली. इथे बघा, ही भुवई. इथे टाके आहेत.

सकाळी नकाशे पास करणारे सरकारी साहेब मोजणीला आले, मोजली, एकोणपन्नास लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. वस्तीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? सोडतीतली बाकीची नऊ घरं आली ना माझ्या दारात! पुढे कोण, तर इथलीच नर्सबाई, वॉर्डातली. तिचंही नाव होतं. हातात सलाइनचा लोखंडी दांडा. मागे न्हावी, रखवालदार, त्यांच्या बायका, त्यांच्या सासवा. मी म्हटलं, 'हे बघा, आपण शांतपणे...' पुढचं मला आठवत नाही. न्हावी छातीवर बसला होता एवढं आठवतं. बायको सोडवायला आली असं वाटलं, तर ती रांगेत उभी! आणि नर्सबाईंची कमाल सांगू का, डोकं त्यांनीच फोडलं, टाके त्यांनीच घातले, आणि टाके घालताना म्हणतात कशा, 'हलू नका, नाहीतर अजून एक देईन!'

मग सगळे गेले साहेबांकडे. नर्सबाईंनी कॉलरच धरली, 'पन्नास होती!' साहेब म्हणाले, 'असतील. मी असतात तेवढी मोजतो. सोमवारी शेवटची मोजणी आहे. तेव्हा पन्नास दिसली तर पन्नास.' आणि कॉलर सोडवून घेतली.

सगळे परत माझ्या खोलीत. मला मारायचंही कोणाला सुचेना, म्हणजे बघा किती वाईट अवस्था. आणि सासू म्हणाली, 'पाडली कोणी? जावईबापूंनी. मग बांधतील कोण? जावईबापूच!'

मी! अहो, मी उभ्या आयुष्यात एक वीट दुसरीवर ठेवलेली नाही! पण रविवारी काम बंद, रखवालदार आपला, फाटक उघडलं, विटा, वाळू, सिमेंट सगळं तिथेच पडलेलं. गेलो दहा घरची माणसं. न्हाव्याने सिमेंट कालवलं, दाढीचा फेस करतात तसं, गोल गोल. नर्सबाई विटा देत होत्या, एक वाकडी ठेवली की मानेवर फटका. मेहुणा ओळंबा धरून उभा, तो स्वतःच तिरका, त्याला सरळ करायला लाथा घालाव्या लागत होत्या. पण तुम्हाला सांगतो, मजा आली हो! भिंत वर चढत होती आणि माझ्या आतलं काहीतरी खाली बसत होतं. डोळ्यांसमोर कोणाचंच तोंड नव्हतं. बायको मधेच आली, भिंतीला हात लावून म्हणाली, 'चांगली होतेय.' लग्नानंतर पहिल्यांदा तिने माझ्या कामाला चांगलं म्हटलं असेल.

आणि तिथेच माझी मती फिरली.

मला वाटलं, ही भिंत पुन्हा कोणी पाडली तर? मुकादम माझ्यासारखाच दुसरा कोणी घेऊन आला तर? भिंत कशी बांधतात ते मला ठाऊक नाही, पण कशी पडते ते पुरतं ठाऊक आहे. कुठे पोकळ लागते, कुठला सांधा आधी सुटतो, सगळं. मग मी म्हटलं, एकेरी नको, दुहेरी घ्या! मधे सळया घाला! सिमेंट दुप्पट! अजून एक थर! न्हावी म्हणाला, 'बास की!' मी त्याला बादलीने हाणलं. मी म्हटलं, 'माझ्या बायकोचं दार आहे हे! प्रत्यक्ष मी घण घेऊन आलो तरी पडता कामा नये!' संध्याकाळी झाली भिंत. काय भिंत! तोफ लावा. हलणार नाही.

सोमवारी साहेब आले. मुकादम भिंत बघून पांढराफटक. 'साहेब, ही काल नव्हती! ही यांनी...' साहेब म्हणाले, 'मी घरं मोजतो, कोणी बांधली ते मोजत नाही. अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास... पन्नास.' पन्नास! अहो, जो काही ओरडा झाला! सासूने मुकादमाला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं. बायकोने कडी कपाळाला लावली. आणि साहेबांनी खिशातून फीत काढली.

म्हणाले, 'जरा धरा हो तिकडचं टोक.' मीच धरलं. मीच! साहेबांनी अलीकडचं घर मोजलं, ठीक. पलीकडचं मोजलं. परत मोजलं. चष्मा पुसला. म्हणाले, 'हे घर चार बोटं कमी भरतंय.' म्हटलं, 'म्हणजे?' 'भिंत फार जाड झालीय. नियमात घराचं कमीत कमी माप दिलेलं आहे. त्याच्या खाली ते घर धरता येत नाही. इतक्या लहान जागेत माणसाने राहणं माणुसकीला धरून नाही.' 'मग हे काय आहे, साहेब?' म्हणाले, 'कोठी. सामान ठेवायची.' आणि लिहिलं, एकोणपन्नास घरं आणि एक कोठी.

सासू पुढे झाली. हळू आवाजात म्हणाली, 'साहेब, ह्या कोठीत आमची खोली दोनदा बसेल. त्यात आम्ही सहा माणसं राहतो. एकदा येऊन ती मोजता का?' साहेब काही वाईट माणूस नव्हता हो. खाली मान घालून म्हणाला, 'आजी, ती जुनी आहे. जुन्याला हा नियम लागत नाही.'

आणि मग मी मारली. साहेबांना नाही, मुकादमाला नाही. भिंतीला. सगळा जोर लावून. आणि मारताना तोंड कोणाचं आणलं होतं सांगू? माझंच. कडाड आवाज आला, मला वाटलं पडली! ती कुठली पडतेय... चार बोटं कमी भरली होती आणि चारच मोडली. नर्सबाईंनीच इथे आणलं. वाटेत एकदाही मारलं नाही. तेव्हा मला रडू आलं.

पुढे? पुढे काय, तिसऱ्या दिवशी मुकादम आमच्या दारात. शेटला दोनाचं एक पाहिजेच होतं, ह्याने तीन तोडकामवाले लावले, तिघांचे घण तुटले, एकाचा खांदा निखळला. तो बघा, ते पलीकडच्या बाकावर बसलेत ना झोळीत हात घालून, तेच! काय राव, बरंय ना आता? तर मुकादम म्हणाला, 'तू बांधलीस, तूच पाडू शकतोस. काय घेशील ते बोल.' मेहुणा म्हणाला, 'हाकला त्याला!' सासूने तवा उचलला. नर्सबाई आणि न्हावी जिन्यातच होते, अस्तन्या सरसावून. मी बायकोकडे बघितलं. ती कडी पुसत बसली होती. कशासाठी पुसत होती, देव जाणे.

मी म्हटलं, 'मुकादम, दोन घरांचं एक झालं की एक दार उरतं ना, पुढचं? ते द्या.'

पाडली. डाव्या हाताने. आठवडा घालवला. ह्या वेळी कोणाचंच तोंड आणलं नाही, नुसता घण मारत राहिलो. लोक म्हणाले, काय तुझा राग, काय तुझा जोर! राग कुठला... मी मुळात शांत माणूस.

दार आणलं. सागवानी आहे, जड, मेहुण्याने आणि न्हाव्याने उचललं. बायकोने त्याला ती पितळेची कडी बसवली. आता खोलीत दार लावायला आडवी भिंत पाहिजे, तर घरमालक म्हणतो भिंत घालायची नाही, घातली तर दोन्ही बाजूंना कमीत कमी माप भरत नाही. त्यालाही आता नियम माहीत झालेत! म्हणून दार आपलं कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलंय, तिरकं. मागे एक माणूस उभा राहील एवढीच फट. रोज संध्याकाळी सगळी आवराआवर झाली की बायको त्या फटीत शिरते. मागून कडी सरकवल्याचा आवाज येतो. अडकत नाही कशात, नुसतीच सरकते. आम्ही सगळे गप्प बसतो, मेहुणासुद्धा. आणि सासूला कोपऱ्यातला डबा पाहिजे असला, की दाराला वळसा घालून हात घातला तरी चालेल, इतकं उघडं आहे सगळं... पण ती दारावर टकटक करते, म्हणते, 'येऊ का गं आत?'

आणि आतून बायको म्हणते, 'थांब, मी घरात नाही.'

काय हो कंपाउंडर? माझा नंबर? आलो, आलो... बसा हो ताई, बसा. जरा सांभाळून कापा, मुकादम बाहेर उभा आहे. पलीकडच्या गल्लीत अजून एक पन्नास घरांची इमारत उठलीय म्हणतो.